ओव्हनवरचं घड्याळ

थंडर बे, नोव्हेंबरचा पहिला आठवडा.
सरोवरावरचा वारा रेकॉर्ड रूमच्या खिडकीची
सैल रबरपट्टी फडफडवत राहतो.
टेबलावर एकाच रात्रीचे दोन रिपोर्ट.
घर तेच, स्वयंपाकघर तेच, नवरा-बायको तीच,
फक्त चौकटींतल्या नावांची अदलाबदल.

पहिला कॉन्स्टेबल मोरोझचा.
डॅरल पेलेटिए स्वतः गाडी चालवत ठाण्यात आला,
बाही सारून बसला, कॉफी घेतली, आभार मानले.
डाव्या मनगटाच्या वर नखांचे तीन ओरखडे.
बायको अचानक अंगावर धावून आली म्हणतो.
शेरा: तक्रारदार शांत, सहकार्य करणारा.
खाली सही. शाई फरफटलेली,
डावखुऱ्यांची फरफटते तशी.

दुसरा कॉन्स्टेबल लशाँसचा, हॉस्पिटलातून.
रइया कोस्केला. पायात लोकरी मोजे, बूट नाहीत.
शेजारच्या पायरीवर बसलेली सापडली.
आवाज बसलेला, प्रश्न दोनदोनदा विचारावे लागले.
गळ्यावर खुणा: उजवीकडे चार, डावीकडे एक.
शेरा: जबाब विस्कळीत. मध्येच हसते.
वेळ जुळत नाही.

वेळ.
तो सांगतो, नऊला दहा कमी.
ती सांगते, दहाला दहा कमी,
ओव्हनवरचे हिरवे आकडे पाहिले,
मान वळत नव्हती, तेवढंच दिसत होतं.
आणि मोरोझने त्याची तक्रार घेतली साडेनऊला.
म्हणजे तिच्याच हिशेबाने
तिचा गळा धरला गेला तेव्हा
तो ठाण्यात बसून कॉफी पीत होता.
वकिलाला एवढं रग्गड झालं.

शेजारच्या हृत्सिउक बाई म्हणाल्या,
मी कुत्रा ऐकला, खूप वेळ, मग एकदम बंद.
दोन्ही रिपोर्टांत कुत्रा नाही.

साहेब म्हणाले, टाळी एका हाताने वाजत नाही,
दोघांवरही लावा.
टाळीला लागत असतील दोन.
गळ्याला एक पुरतो.
फॉर्मवर छापलेल्या माणसाचे हात
दोन्ही बाजूंना सरळ खाली सोडलेले असतात.
मनगटावर पेनाने तीन रेघा काढता येतात,
ते मनगट तेव्हा कुणाच्या हनुवटीखाली होतं
ते काढायला त्या चित्रात जागा नाही.

मला फक्त शुद्धलेखन दुरुस्त करायची परवानगी आहे.
मोरोझने तिचं नाव 'राया' लिहिलं होतं. केलं दुरुस्त.
तेवढ्यात आठवलं, गेल्या रविवारी
आपण सगळ्यांनीच घड्याळं तासभर मागे केली.
भिंतीवरची केली, मनगटावरची केली,
फोन आपले आपण झाले.
ओव्हनचं कोण करतं?
दोन बटणं एकदम दाबून धरायची, तिसरं फिरवायचं,
ते पुस्तक कुठल्या खणात आहे कुणाला माहीत.
माझं तर सगळा हिवाळा एक तास पुढे असतं.
मार्चमध्ये, मी काही न करता, बरोबर येतं.

ती चुकली नव्हती. तिने दिसलं ते वाचलं.

'संबंधित प्रकरण' नावाची एक चौकट असते तळाशी,
सहसा कुणी भरत नाही.
ह्याच्या पानावर तिचा नंबर घातला, तिच्या पानावर ह्याचा.
मग लशाँसच्या फोनवर निरोप ठेवला.
नोकरीत एकवीस वर्षं झाली, कधी ठेवला नव्हता.
म्हटलं, त्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा जा,
ओव्हनचा फोटो काढ, शेजारी तुझं घड्याळ धर.
आणखी काही सांगायचं होतं,
माझ्या पहिल्या घराबद्दल, पण बीप वाजली.

ती बहिणीकडे आहे. तो घरी.
लशाँस सोमवारी कामावर येते.
आज शुक्रवार.
शनिवार-रविवार माणसं घरातली
राहिलेली बारीकसारीक कामं काढतात.